विश्लेषण : भजी, कटलेट, कोळीवाडा... कुरकुरीत आवरण नेमके किती तेल पिते?

पावसाची पहिली सर आली की कांदाभजीची आठवण होते आणि पाठोपाठ डॉक्टरांनी सांगितलेले पथ्यही आठवते. ‘तळलेले खाऊ नका’ हा सल्ला सोपा आहे, पण अपुरा आहे. कारण तळलेला प्रत्येक पदार्थ सारखेच तेल पीत नाही. पदार्थावर आवरण कशाचे आहे, तेल किती तापले होते, कढईतून काढल्यावर पहिल्या मिनिटात काय केले आणि ते तेल कितव्यांदा वापरले जात होते, यावर बरेच काही ठरते.

चर्चेचे कारण काय?

जुलै २०२५ मध्ये समोसा आणि जिलेबीवर सिगारेटच्या पाकिटासारखे इशारे छापले जाणार, अशा बातम्या देशभर पसरल्या. प्रत्यक्षात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालये आणि संस्थांमध्ये ‘तेल-साखर फलक’ लावावेत, असे सुचवले होते. खाद्यपदार्थांत दडलेले तेल आणि साखर लोकांच्या लक्षात आणून देणे, हा त्यामागचा हेतू होता. रस्त्यावरच्या विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापण्याचा कोणताही आदेश नसल्याचा खुलासा सरकारला करावा लागला. त्याआधी फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘मन की बात’मध्ये घरातील खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते.

या चर्चेमागे आकडे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा स्थूल आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहार मार्गदर्शक सूचनांत २,००० उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटात तेल-तुपाचा वाटा २७ ग्रॅम ठेवला आहे. म्हणजे साधारण सहा चहाचे चमचे. यात फोडणी, पोळीवरचे तूप आणि भजी सगळे आले.

आवरण म्हणजे काय आणि ते कशासाठी?

आवरणाचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. पहिला ओल्या पिठाचा. बेसन, मैदा किंवा तांदळाचे पीठ पाण्यात कालवून त्यात पदार्थ बुडवायचा आणि तेलात सोडायचा. भजी, बटाटावडा, जपानी टेम्पुरा आणि इंग्लंडमधले ‘फिश अँड चिप्स’मधले मासे या गटातले. दुसरा प्रकार कोरड्या चुऱ्याचा. पदार्थ आधी मैद्यात घोळवायचा, मग फेटलेल्या अंड्यात बुडवायचा आणि शेवटी ब्रेडच्या चुऱ्यात फिरवायचा. कटलेट, व्हिएन्नाचे श्नित्झेल आणि जपानचे कात्सु या पद्धतीने होतात. मैदा ओलावा टिपून घेतो, अंडे चिकटवण्याचे काम करते आणि चुरा कुरकुरीतपणा देतो. कोकण-गोव्याकडचे रवा लावून तळलेले बांगडे, सुरमई किंवा बोंबील याच कुळातले. तिथे अंड्याची गरज पडत नाही. मसाला लावलेल्या मासळीचा ओलसरपणाच रवा धरून ठेवतो.

आवरणाचे काम दुहेरी आहे. गरम तेल आणि आतला पदार्थ यांच्यामध्ये ते भिंतीसारखे उभे राहते. मासळी, पनीर, कोंबडी यांतले पाणी चटकन उडून जात नाही आणि आतला भाग मऊ, रसदार राहतो. आतला पदार्थ जणू स्वतःच्याच वाफेत शिजतो. त्याच वेळी आतल्या पदार्थाच्या वाट्याचे तेल हे आवरण स्वतःकडे घेते. त्यामुळे ते एकाच वेळी चिलखत असते आणि स्पंजही. चांगल्या आणि वाईट तळणातला फरक या दोन भूमिकांच्या तोलावर अवलंबून असतो.

ही पद्धत आली कुठून?

वडे तळण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात वड्यांसारख्या तळलेल्या पदार्थांचे वर्णन आढळते. मात्र, आजच्या बटाटावड्यातले बटाटा आणि मिरची हे दोन्ही घटक मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या समुद्री व्यापारानंतरच ते आपल्याकडे आले. मराठीतला ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीज ‘बटाटा’वरूनच आला आहे.

पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात स्थिरावले आणि १५४३ मध्ये जपानला पोहोचले. पोर्तुगालमध्ये श्रावणघेवड्यासारख्या हिरव्या शेंगा पिठात बुडवून तळण्याची पद्धत आहे. या पदार्थाच्या नावाचा अर्थ ‘बागेतले छोटे मासे’ असा होतो. जपानी टेम्पुराचे मूळ अशाच पदार्थांत सापडते, असे खाद्य-इतिहासकार मानतात. ‘टेम्पुरा’ हा शब्द कॅथलिकांच्या मांसवर्ज्य उपवासाच्या दिवसांच्या लॅटिन नावावरून आला, असे एक प्रचलित मत आहे. जपानने १६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकलले, पण टेम्पुरा मात्र तिथेच राहिला.

शब्दांचा प्रवासही मजेशीर आहे. कुरकुरीत आवरणासाठी आज जगभर वापरला जाणारा जपानी चुरा म्हणजे ‘पान्को’. त्यातला ‘पान’ हा पोर्तुगीज ‘पाव’ या शब्दातूनच आला आहे. वडापावातला पाव आणि पान्को एकाच शब्दाची भावंडे. जपानी ‘कात्सु’ हे ‘कटलेट’चे जपानी उच्चारातले छोटे रूप. मुंबईच्या पारशी घरांत खिम्याचे कटलेट आधी चुऱ्यात घोळवून शेवटी फेटलेल्या अंड्यात बुडवतात, त्यामुळे तळताना कडेला जाळी तयार होते. कोळंबी कोळीवाडा या पदार्थाचे मूळ मात्र कोळी घरांत नसून फाळणीनंतर शीव कोळीवाड्यात आलेल्या पंजाबी निर्वासितांकडे असल्याचे सांगितले जाते. बेसन आणि ओवा लावलेल्या अमृतसरी माशाशी असलेले त्याचे साम्य त्याला दुजोरा देते. वडापावाचे श्रेय बहुतेकदा १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना दिले जाते.

कढईत नेमके काय घडते?

तळणीचे तेल साधारण १७० ते १९० अंश सेल्सियस असते, तर पाणी १०० अंशांना उकळते. पिठात बुडवलेला कांदा तेलात पडताच आवरणातल्या पाण्याची वाफ होते आणि ती बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर धावते. कढईतली चुरचुर म्हणजे तेल उकळण्याचा नव्हे, तर पाणी निसटण्याचा आवाज. जोवर वाफ जोराने बाहेर पडते, तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही.

हळूहळू आवरणाचा बाहेरचा थर कोरडा होतो आणि त्याचे तापमान १०० अंशांच्या वर चढते. मग पिठातली प्रथिने आणि शर्करा यांच्यात ‘मेयार अभिक्रिया’ सुरू होते. सोनेरी रंग, खमंग वास आणि चव यांची निर्मिती तिथे होते. त्याच वेळी वाफेने सोडलेल्या सूक्ष्म वाटा आणि पोकळ्या आवरणात तशाच राहतात. कुरकुरीतपणा या पोकळ्यांमुळेच येतो आणि तेलालाही जागा त्यांच्यातच मिळते. बुडबुडे मंदावले की आवरणातले बरेचसे पाणी गेले, असे समजायचे. अनुभवी हात आवाजावरूनच घाणा काढायची वेळ ओळखतात, त्यामागचे विज्ञान हेच.

मग तेल आत कधी शिरते?

इथे बहुतेकांचा समज चुकतो. तेलातला मोठा वाटा पदार्थ कढईत असताना नव्हे, तर बाहेर काढल्यानंतर आत जातो. बटाट्याच्या कापांवर झालेल्या प्रयोगांतून हे वारंवार दिसले आहे. पदार्थ बाहेर येताच थंड होऊ लागतो. आतल्या वाफेचे पुन्हा पाणी होते, पोकळ्यांतला दाब घटतो आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल आत ओढले जाते. म्हणजे काढल्यानंतरचे पहिले एक-दोन मिनिट सर्वांत महत्त्वाचे. झाऱ्यावर नीट निथळून, कढईच्या कडेला हलकेच झटकून आणि जाळीवर पसरून ठेवलेली भजी कमी तेल घेतात. ताटात ढीग करून ठेवली तर पृष्ठभागावरचे तेल जागीच राहते आणि वाफ कोंडून कुरकुरीतपणाही जातो.

‘तेल नीट तापले नाही तर भजी तेल पितात’, हे घरोघरी ऐकू येणारे वाक्यही खरे आहे. कोमट तेलात बाहेरचा थर लवकर धरत नाही, वाफेचा जोर कमी पडतो आणि पदार्थ जास्त वेळ तेलात राहतो. एकाच घाण्यात खूप भजी सोडली, तरी तेलाचे तापमान झपाट्याने उतरते आणि परिणाम तोच होतो.

आकारही महत्त्वाचा असतो. बटाटावडा गोल आणि जाड असतो. आतली भाजी आधीच शिजलेली असल्याने फक्त आवरण तळायचे असते. त्यामुळे वजनाच्या मानाने तेलाशी संबंध येणारा भाग कमी. याउलट खेकडाभजीला चहूबाजूंनी फाटे फुटलेले असतात, प्रत्येक फाट्याला तेल लागते. ओव्याच्या किंवा पालकाच्या पानाची भजी तर जवळपास आवरणच असते. पातळ कापांचे टोक म्हणजे बटाट्याचे वेफर्स. बाजारात मिळणाऱ्या १०० ग्रॅम वेफर्समध्ये साधारण ३० ते ३५ ग्रॅम स्निग्धांश असतो, हे पाकिटावरच छापलेले असते.

बेसन, तांदूळ, रवा, चुरा : फरक काय?

बेसनात प्रथिनांचे प्रमाण साधारण २० टक्के, मैद्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. गरम तेलात ही प्रथिने घट्ट होऊन पापुद्रा धरतात, म्हणून बेसनाच्या आवरणाला अंड्याचा आधार लागत नाही. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसते. ते मिसळल्याने आवरण हलके, कोरडे आणि जास्त वेळ कुरकुरीत राहते, तसेच मैद्याच्या तुलनेत तेलही कमी शोषले जाते. भज्यांच्या पिठात चमचा-दोन चमचे तांदळाचे पीठ घालण्याची सवय म्हणूनच उपयोगाची. रव्याचे दाणे मासळीच्या अंगावर पातळ थर धरतात. असे मासे बहुधा तव्यावर थोड्या तेलात भाजले जात असल्याने तेल हाताबाहेर जात नाही. ब्रेडच्या चुऱ्यात मात्र मुळातच पोकळ्या असतात. चुरा जाडसर आणि थर जाड असेल, तर तेलाला जागा जास्त.

दोन सवयींकडे बारकाईने पाहायला हवे. पहिली खाण्याच्या सोड्याची. सोड्यामुळे वायू तयार होऊन आवरण फुगते, जाळीदार होते आणि तितकेच जास्त तेल धरते. दुसरी कडकडीत तेलाच्या मोहनाची. त्याने खुसखुशीतपणा येतो, पण ते तेल थेट पिठातच गेलेले असते. दोन्ही पूर्ण टाळण्याची गरज नाही, पण प्रमाण हात राखून ठेवलेले बरे. पीठ किती दाट भिजवले, हेही पाहायचे. फार घट्ट पिठाचा थर जाड बसतो, आतून कच्चा राहतो आणि म्हणून पदार्थ जास्त वेळ तळावा लागतो. फार पातळ झाले तर पीठ तेलात सुटते, त्याचे कण करपतात आणि तेल खराब करतात.

आवरणामुळे उष्मांक किती वाढतात?

याचे नेमके उत्तर अमेरिकेच्या कृषी विभागाच्या पोषण तक्त्यांत मिळते, कारण तिथे एकाच पदार्थाची तीन रूपे स्वतंत्रपणे मोजली आहेत. कोंबडीच्या छातीचा कातडीसह भाग, प्रत्येकी १०० ग्रॅम :

भट्टीत भाजलेला : १९७ उष्मांक, स्निग्धांश ७.८ ग्रॅम, सोडियम ७१ मिलिग्रॅम.

कोरड्या पिठात घोळवून तळलेला : २२२ उष्मांक, स्निग्धांश ८.९ ग्रॅम, सोडियम ७६ मिलिग्रॅम.

ओल्या पिठात बुडवून तळलेला : २६० उष्मांक, स्निग्धांश १३.२ ग्रॅम, सोडियम २७५ मिलिग्रॅम.

यातून तीन गोष्टी दिसतात. एक, भाजणे आणि पातळ कोरडे पीठ लावून तळणे यातले अंतर फक्त २५ उष्मांकांचे आहे. मोठी उडी ओल्या पिठाच्या जाड थरामुळे पडते. दोन, प्रथिने उलट घटतात. कोरड्या पिठाच्या तुकड्यात सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने आहेत, ओल्या पिठाच्या तुकड्यात सुमारे २५ ग्रॅम. कारण १०० ग्रॅममधला काही भाग आता कोंबडीचा नसून पिठाचा आणि तेलाचा आहे. तीन, सोडियम जवळपास चौपट होते. रक्तदाब असलेल्यांनी तेलाइतकेच पिठातल्या मिठाकडेही लक्ष द्यायला हवे. आपल्याकडे त्यावर वरून भुरभुरलेला चाट मसाला आणि सोबतची चटणी वेगळीच.

भज्यांच्या बाबतीत एक फरक लक्षात घ्यावा. कोंबडीवरच्या मैद्याच्या आवरणाने प्रथिनांचा वाटा कमी होतो. कांदा, बटाटा किंवा मिरचीवरच्या बेसनाच्या आवरणाने तो वाढतो, कारण मूळ भाजीत प्रथिने नगण्य असतात. बेसन हे डाळीचेच पीठ आहे. त्यामुळे भजी म्हणजे ‘निव्वळ पोकळ उष्मांक’ असे म्हणणे बरोबर नाही. पण ही प्रथिने मिळवण्यासाठी मोजावी लागणारी तेलाची किंमत मोठी आहे. तीच डाळ पिठल्यात किंवा धिरड्यात बरीच स्वस्तात पडते.

खरा धोका तेलाच्या वयाचा का?

तेल पुन्हा पुन्हा तापवले की हवा, उष्णता आणि पदार्थातले पाणी यांच्यामुळे त्याचे विघटन होते. तयार होणाऱ्या घटकांना एकत्रितपणे ‘टोटल पोलर कम्पाउंड्स’ म्हणजे टीपीसी म्हणतात. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात टीपीसीची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. त्यापुढे ते तेल खाद्यपदार्थांसाठी वापरता येत नाही. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तळणीचे तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांना त्याच्या वापराच्या आणि विल्हेवाटीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. २०१८ मध्येच सुरू झालेल्या ‘रुको’ या उपक्रमात असे तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल बनवले जाते.

आवरण असलेल्या पदार्थांचा इथे खास संबंध आहे. तेलात सुटलेले पीठ, रवा आणि चुऱ्याचे कण तळाशी बसून करपतात आणि तेल लवकर काळे करतात. वडापावाच्या गाडीवर लोकप्रिय असलेला चुरा म्हणजे तेलात सुटलेले हे पीठच. तो ताजा आणि सोनेरी असताना काढला तर ठीक. दिवसभर तेलात फिरत राहिलेला काळपट चुरा मात्र तेलही बिघडवतो आणि खाणाऱ्याच्या पोटातही जातो.

छोट्या विक्रेत्याची अडचणही खरी आहे. तेल हा त्याच्या खर्चाचा मोठा भाग. कढईतले तेल कमी झाले की त्यातच नवे ओतले जाते आणि जुने कधीच पूर्ण संपत नाही. नवे तेल घातल्याने जुने ताजे होत नाही, उलट नव्याचेही विघटन लवकर सुरू होते. वापरलेले तेल अधिकृत संकलकांना विकण्याची व्यवस्था गाड्यांपर्यंत पोहोचली, तर ते ओतून देण्याचा तोटा काही अंशी भरून निघू शकतो.

ग्राहकाला प्रयोगशाळा लागत नाही. तेल काळपट आणि दाट दिसणे, न विरणारा फेस येणे, निळसर-करडा धूर निघणे आणि पदार्थाला खवट वास येणे या चार खुणा पुरेशा आहेत. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटचा प्रश्न वेगळा. एफएसएसएआयने तेल आणि स्निग्ध पदार्थांतील त्याची मर्यादा २०२१ मध्ये तीन टक्के आणि २०२२ मध्ये दोन टक्क्यांवर आणली.

सोनेरी रंग चांगला, काळपट का नाही?

एप्रिल २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी तळलेल्या आणि भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत ‘ॲक्रिलामाइड’ हे रसायन आढळल्याचे जाहीर केले. ॲस्पराजिन हे अमिनो आम्ल आणि शर्करा यांच्यातून साधारण १२० अंशांच्या वर ते तयार होते. खमंगपणा देणाऱ्या मेयार अभिक्रियेचेच हे नकोसे अपत्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘मानवात कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या गटात ठेवले आहे. हा निष्कर्ष प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांतून आला आहे, माणसांतले पुरावे तितके स्पष्ट नाहीत. तरीही व्यवहारात सल्ला सोपा आहे : रंग सोनेरी असतानाच पदार्थ काढावा, तपकिरी-काळा होऊ देऊ नये. युरोपीय संघाच्या नियमांत तळणीचे तापमान १७५ अंशांच्या खाली ठेवण्याची सूचना याच कारणाने आहे.

म्हणजे दोन्ही टोके टाळायची आहेत. तेल फार थंड असेल तर पदार्थ तेलकट होतो, फार गरम असेल तर तो बाहेरून करपतो आणि तेलही लवकर खराब होते. पिठाचा एक थेंब टाकल्यावर तो तळाशी जाऊन लगेच वर आला आणि पटकन काळा पडला नाही, तर तेल योग्य तापले आहे, ही घरगुती चाचणी बऱ्यापैकी भरवशाची आहे.

आरोग्याबद्दल संशोधन काय सांगते?

दोन मोठे अभ्यास इथे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दोन्ही ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. २०१९ मधील अभ्यासात अमेरिकेतील ५० ते ७९ वयोगटातील सुमारे १ लाख ७ हजार स्त्रियांची माहिती होती. आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा तळलेले चिकन खाणाऱ्यांत एकूण मृत्यूचा धोका, ते न खाणाऱ्यांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी जास्त आढळला. तळलेली मासळी खाणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचा धोका १३ टक्क्यांनी जास्त होता.

२०१२ मधील अभ्यास स्पेनमधला. ४० हजारांहून अधिक प्रौढांचा सरासरी ११ वर्षे पाठपुरावा केल्यावर तळलेले पदार्थ आणि हृदयविकार यांचा संबंध तिथे दिसला नाही. संशोधकांनी त्याचे संभाव्य कारणही सांगितले. स्पेनमध्ये तळण मुख्यतः ऑलिव्ह किंवा सूर्यफुलाच्या तेलात होते, बरेचसे घरीच होते आणि तेलाचा पुनर्वापर कमी असतो.

दोन्ही निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. त्यांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. पण दोन्ही एकत्र वाचले की ‘तळण’ हा एकच गट नाही, हे लक्षात येते. ताज्या तेलात घरी कधीतरी तळलेली भजी आणि बाहेर रोज खाल्लेले, जुन्या तेलातले, खारट आवरणाचे पदार्थ यांना एकाच मापाने मोजता येत नाही. अर्थात, घरचे म्हणून उष्मांक कमी होत नाहीत. तेलाचा एक ग्रॅम कुठेही नऊ उष्मांकच देतो.

एअर फ्रायर हा उपाय आहे का?

काही अंशी. एअर फ्रायर म्हणजे गरम हवेचा जोरदार झोत असलेली छोटी भट्टी. चुरा किंवा रवा लावलेले कटलेट, मासे, पॅटिस त्यात चांगले होतात. वरून चमचाभर तेल पुरते. भज्याचे ओले पीठ मात्र त्यात थरण्याआधीच गळून जाते, कारण त्याला गरम तेलाचा तत्काळ वेढा मिळत नाही. ॲक्रिलामाइडचा प्रश्नही पूर्ण सुटत नाही, जास्त भाजले तर ते तिथेही तयार होते. मराठी घरांत याहून जुना पर्याय आहे : आप्पेपात्र. डाळवडे, कोथिंबिरीचे किंवा भाज्यांचे वडे त्यात थेंबभर तेलावर होतात. कोथिंबीर वडीही उकडून तव्यावर परतता येते. चव अगदी तळणीची येत नाही, पण रोजच्या खाण्यासाठी फरक मोठा पडतो.

घरात नेमके काय करता येईल?

आपल्या घरची भजी किती तेल पितात, हे मोजणे अवघड नाही. समजा, कढईत ५०० मिलिलिटर तेल ओतले आणि २० भजी तळून झाल्यावर गाळून मोजले तर ४२० मिलिलिटर उरले. म्हणजे ८० मिलिलिटर गेले, एका भज्यामागे चार. पाच भज्यांच्या बशीत २० मिलिलिटर, म्हणजे साधारण १८ ग्रॅम तेल आणि सुमारे १६५ उष्मांक, तेही फक्त तेलाचे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २७ ग्रॅमांच्या हिशेबात दिवसाचा दोन-तृतीयांश वाटा एका बशीत संपला. त्या दिवशी रात्री ताटात कमी फोडणीची आमटी आणि बिनतेलाची कोशिंबीर ठेवली, तर हिशेब सांभाळता येतो.

बाकी काळजी साधी आहे. तेल नीट तापवावे, घाणा छोटा ठेवावा, सोडा चिमूटभरच घालावा, पिठात थोडे तांदळाचे पीठ मिसळावे. सोनेरी रंगावर भजी काढून झाऱ्यावर निथळावी आणि जाळीवर किंवा स्वच्छ टिपकागदावर पसरावी. वर्तमानपत्राचा कागद तेल टिपण्यासाठी किंवा पुडी बांधण्यासाठी वापरू नये. छपाईच्या शाईतले शिशासारखे घटक गरम, तेलकट पदार्थात उतरू शकतात, असा इशारा एफएसएसएआयने वेळोवेळी दिला आहे.

तळून उरलेले तेल थंड झाल्यावर गाळावे, झाकून ठेवावे आणि एक-दोन दिवसांत फोडणीसाठी किंवा परतण्यासाठी संपवावे. त्यात पुन्हा तळू नये आणि नव्या तेलाच्या डब्यात ते ओतू नये. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी किती आणि किती वेळा खायचे, हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

पावसाळ्यातली भजीची बशी कायमची बंद करण्याची गरज बहुतेक घरांना नाही. ती रोजची होऊ न देणे, तेल नवे असणे आणि कढईतून बाहेर आल्यावरचे पहिले मिनिट वाया न घालवणे, एवढे सांभाळले तरी आवरणाचे काम चिलखताचे राहील, स्पंजाचे होणार नाही.